काळ्या हातांचा हुकूम

“मोटार आत्ताच्या आत्ता चालू झाली पाहिजे, पण तुझ्या हाताला काळा डाग लागता कामा नये. लागला, तर राजवाड्याचं दार तुला बंद!” उंबरगडचे राजेसाहेब गरजले.

समोर पिराजी मिस्त्री उभा. गुन्हा एवढाच, की त्यानं मान मागितला होता. उंबरगडात हुकूमच होता: स्वच्छ हातांच्या माणसाला ‘अहो’, काळ्या हातांच्याला ‘अरे’. त्यामुळे मोटार हाकणारा झाला ‘सारथीराव’, नुसता भोंगा वाजवणाराही झाला ‘भोंगाधिकारी’, आणि दिवसभर मोटारीखाली लोळणारा पिराजी? ‘अरे ए पान्या!’ आज त्यानं धीर करून म्हटलं, “सरकार, मलाही कुणी अहो मिस्त्रीसाहेब म्हणावं की.” म्हणून ही अट.

तिकडे स्टेशनावर राजेसाहेबांचे व्याही उतरले होते, आणि इकडे मोटार ढिम्म.

पिराजीनं हात स्वच्छ धुतले, पुसले आणि ते पाठीमागे बांधून तो उभा राहिला.

“दिवाणसाहेब, झाकण उघडा.”

“मी?”

“अट माझ्या हातांना आहे. तुमच्या हातांबद्दल सरकार काही बोलले नाहीत.”

दिवाणांनी राजेसाहेबांकडे पाहिलं. राजेसाहेबांनी घड्याळाकडे. झाकण उघडलं.

“भोंगाधिकारी, ही नळी तुंबलीय. तोंडात धरा आणि फुंका. तुम्हाला सवय आहेच.”

भोंगाधिकाऱ्यांनी गाल फुगवून फुंकलं. नळीच्या दुसऱ्या टोकाशी सारथीराव पांढरे हातमोजे घालून उभे होते. म्हणजे तोवर पांढरे होते.

“आता पेट्रोलच्या टाकीत शिरलेलं पाणी सोडायचा नट. गंजून बसलाय. पहिलवानी मनगट लागेल. सरकार, व्याह्यांबरोबर आलेल्या त्यांच्या गाडीवानाला बोलावू? फार ताकदीचा आहे म्हणतात.”

“व्याह्यांचा गाडीवान?” राजेसाहेबांनी शेला भिरकावला. “आण तो पाना!”

“मी कसा आणू? काळाकुट्ट आहे तो. तिथं पडलाय, घ्या.”

राजेसाहेब मोटारीखाली शिरले. बाहेर फक्त जरीचे जोडे दिसत होते, तेही थरथरत. खालून एक हुंकार आला, मग दुसरा, मग नट निघाला, पाणी वाहून गेलं आणि नट परत बसला. दिवाणांनी हँडल फिरवलं आणि मोटार धडधडायला लागली.

राजेसाहेब बाहेर आले ते फुलून. “पाहिलंस? मी चालू केली!”

“पाहिलं.” पिराजीनं आपले दोन्ही हात पुढे धरले. दुधासारखे. “पण सरकार, आता माझी मोठी पंचाईत झाली.”

“कसली?”

“आपल्याच हुकमाप्रमाणे मी आपल्याला काय म्हणू? अहो राजेसाहेब, की...”

तो तिथंच थांबला. दिवाणांनी हळूच आपले हात खिशात लपवले. राजेसाहेबांनी आपले हात पाहिले. कोपरापर्यंत काळे! भुवया वर चढल्या, आणि मग ते असे हसत सुटले, की धडधडतंय कोण, मोटार की सरकार, हेच कुणाला कळेना.

हसता हसता त्यांनी बोटात वर्षानुवर्षं रुतून बसलेली हिऱ्याची अंगठी ओढली. तेलामुळे ती अलगद निघाली. पिराजीच्या तळहातावर ती ठेवत, अख्ख्या राजवाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

“अहो मिस्त्रीसाहेब, जरा साबण देता का?”