काळ्या कागदावरचं अळू

पेन्सिली बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. चित्रकार इंदुताईंनी काळ्या कागदावर अळूची पानं काढायला घेतली. हिरवी पेन्सिल तोऱ्यात म्हणाली, "सगळं मीच भरणार!" तिनं एक पान दाबून दाबून रंगवलं. पान मातकट झालं आणि तिचं टोकच मोडलं.

इंदुताईंनी शेजारच्या पानासाठी पांढरी पेन्सिल उचलली. तिनं घाबरतच कागदाला विचारलं, "मी काय काढू?"

कागद म्हणाला, "उजेड पडलाय तेवढाच काढ. सावली माझ्याकडे आहे."

पांढरीनं शिरा काढल्या, एक कड काढली आणि पाण्याचा एक थेंब. पान अंधारातून डोलत वर आलं.

टोक करून आलेली हिरवी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कागददादा, मी कुठं कुठं थांबू, तेवढं सांगाल?"