तळ्यातली हाक

मडकी बोलत असत, त्या काळची गोष्ट. गंगुताईने गाव सोडलं, तेव्हा दारच्या दगडी डोणीतली खवली नावाची मासोळी तिने डोणीच्याच पाण्याने अर्धं भरलेल्या मडक्यातून सोबत घेतली. दूरच्या नव्या गावी पोचताच तिने ते मडकं तळ्यात अलगद तरंगत ठेवलं.

शिळ्या पाण्याने खवलीचा जीव कासावीस झाला होता. तेवढ्यात तळ्यातून हाका आल्या, "ये गं, ये! पाणी कसं गारेगार आहे!"

"मडकेदादा, मी उडी मारते."

"थांब, पोरी. आधी तळं थोडं थोडं आत येऊ दे." गंगुताई ओंजळीने तळ्याचं पाणी मडक्यात घालतच होती. "आणि हाका कोण मारतंय, ते तरी बघ."

खवलीने मडक्याच्या काठावरून खाली तळ्यात पाहिलं. मासोळ्यांची तोंडं पुष्कळ हलत होती. पण एकातूनही बुडबुडा वर येत नव्हता.

"कोण रे दादा या?"

"घाईने उड्या मारलेल्या. पाण्यात पडताक्षणी गारठून मेल्या."

खवली मडक्यातच थांबली. दोन्ही पाणी एकजीव झाल्यावरच ती तळ्यात उतरली. तिथे कुणीच नव्हतं.

थोड्या वेळाने वर दुसऱ्या मडक्याची सावली पडली, आणि खवलीच्या अगदी शेजारून कुणीतरी लाडाने म्हणालं, "ये गं, ये!"