सुकेतराजाची शेवटची दुपार

एका राज्यात झोप नव्हती. धान्य होतं, पाणी होतं, पागेत घोडे होते. झोप तेवढी नव्हती. माणसं अंथरुणावर पडत, डोळे मिटत आणि सकाळी तशीच उठत. गवंडी काम करता करता भिंतीवरून कोसळत. आया अंगाई म्हणता म्हणता स्वतःच रडू लागत. ऐन चाळिशीत माणूस वाळून जाई.

शंभर वर्षांपूर्वी तिथे सुकेत नावाचा राजा होता. एका भर दुपारी, सारा राजवाडा वामकुक्षी घेत असताना, शत्रूने कपटाने दिलेलं विषारी सरबत तो प्याला. त्याने हाका मारल्या. कुणी उठलं नाही. त्याची थोरली बहीण तरला रानात राहून मंत्रविद्या साधत होती. ती पोहोचली तेव्हा चिता पेटली होती. चितेसमोर तिने शाप दिला, "माझा भाऊ एकटा तडफडत गेला आणि तुम्ही झोपला होतात. आता या राज्याला झोप नाही."

आता गादीवर भद्रसेन राजा होता. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल. त्याने आपल्या रक्षकांची प्रमुख कौशिकी हिला बोलावलं.

"कौशिकी, सुकेतराजा वाचला तर शापही उरणार नाही. जळक्या डोंगरावर एक धनेश पक्षी आहे. त्याला मागच्या काळाची वाट ठाऊक आहे. जाशील?"

"जाईन, महाराज. इथे राहून तरी कुठे डोळा लागतोय?"

धनेश एका वठलेल्या झाडावर बसला होता. त्याने चोचीने आपली तीन पिसं उपटून दिली. "एक पीस जाळलंस की सुकेत गेला त्या दिवसाची सकाळ होईल. सूर्य मावळला की परत येशील. दर खेपेला तुझ्या आयुष्याचा मोठा लचका तुटेल."

"राजा वाचेल?"

"मला वाट ठाऊक आहे, बाई. मरणाचं विचारू नकोस."

कौशिकीने पहिलं पीस जाळलं. ती राजवाड्यात शिरली आणि राजाच्या ओठाजवळचा पेला तिने उधळला. शत्रूचा धनुर्धर समोरच्या गच्चीवर दबा धरून होता. बाण राजाच्या छातीत घुसला. "ताई आली का?" एवढं विचारून त्याने मान टाकली. कौशिकी परतली तेव्हा तिचे केस पिकले होते.

दुसरं पीस जाळलं. तिने पेला उधळला, बाण ढालीवर घेतला, राजाला घोड्यावर बसवून नगराबाहेर काढलं. नदी ओलांडताना पूल खचला. वाळूवर राजाचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली. तो पुन्हा तेच म्हणाला, "ताई आली का?" परतली तेव्हा तिचे गुडघे धरले होते आणि हात कापत होता.

ती झाडाखाली बसून राहिली. धनेश म्हणाला, "पुरे झालं असेल तर घरी जा. कुणी बोल लावणार नाही."

"दोन्ही खेपेला त्याने जीव मागितला नाही," कौशिकी म्हणाली. "बहीण मागितली. मीच ऐकलं नाही."

तिसरं पीस जाळून ती उठली. समोर दोन वाटा होत्या. राजवाड्याची वाट धरली असती तर पेला उधळता आला असता. क्षणभर तिचे पाय तिकडेच वळले. मग डोळे पुसून तिने रानाची वाट धरली.

तरला मुळ्या वाळत घालत होती.

"तरलादेवी, तुमचा भाऊ आज जाणार आहे. मी दोनदा वाचवायला गेले, दोनदा तो माझ्या हातात गेला. दोन्ही वेळा त्याने तुम्हालाच विचारलं. चला."

तरलेने त्या थकलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता घोडा सोडला.

त्या पोहोचल्या तेव्हा पेला रिकामा होता. राजवाडा घोरत होता. तरलेने मुळ्या चोळल्या, मंत्र म्हटले; विष मागे हटेना. सुकेताने डोळे उघडले.

"आलीस, ताई?"

"आले रे, राजा." मग तिचा आवाज चढला. "आणि हे सगळे मेल्यासारखे झोपलेत! एकालाही तुझी हाक ऐकू गेली नाही?"

"रागावू नकोस. काल सारे माझ्यासाठी शेतांचे बांध घालत होते. दमलेत. झोपू दे त्यांना."

त्याने बहिणीचा हात घट्ट धरला, मग तो सैल पडला. तरलेच्या ओठांवर शाप आला होता. तिने पदर तोंडात कोंबला आणि त्याच्या उशाशी बसून रडली, आवाज न करता, कुणी उठू नये म्हणून.

शाप उच्चारलाच गेला नाही. त्यामुळे तो कुणाला आठवतही नव्हता.

सूर्य मावळताच कौशिकी आपल्या काळात परतली, आणि डोंगर उतरून नगरात आली ती पाठीत वाकलेली म्हातारी होऊन. दुपार होती. वेशीवरचा पहारेकरी भाल्याला टेकून पेंगत होता. बाजारात वाणी तागडीशेजारी आडवे झाले होते. एका ओसरीवर बाळ झोपलं होतं आणि बाळाची आईही. कौशिकी तिथे बराच वेळ उभी राहिली.

दरबारात भद्रसेन राजा नुकताच उठून बसला होता. त्याने तिला ओळखलं नाही.

"आजी, फार लांबून आलेल्या दिसता. काय हवं?"

सांगण्यासारखं खूप होतं. पण राजाचे डोळे स्वच्छ होते, आणि ती फार दमली होती.

"पाठ टेकायला जागा हवी, महाराज."

राजाने स्वतःचा लोड तिच्या डोक्याखाली दिला, दारं लोटून घेतली आणि त्या संध्याकाळी नगारा वाजू दिला नाही. तिला जशी झोप लागली, तशी ऐकणाऱ्या साऱ्यांना लागो.