चार बोटं लांब पट्टा

"...मग तिला खाली कधी धाडायचं, तेवढं तरी सांगा."

त्र्यंबक उंबऱ्यातच उभा होता. आत येऊन बोलावं, एवढंही भान रागात राहिलं नव्हतं.

अनंतगिरी महाराज शेकोटीपाशी बटाटे धूत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

हिमालयातल्या एका खिंडीखाली महाराजांचा लहानसा मठ होता. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली जाई. मग खालच्या गावाशी संबंध उरे तो एका बर्फगाडीपुरता. ती रबरी पट्ट्यावर चाले. गाडी, घंटा आणि नियम, तिन्ही त्र्यंबकच्या ताब्यात. सांगलीच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो आला होता. इंजिनिअरपण मात्र सोबत घेऊन आला होता.

दसऱ्याला वेणू आली. वर्ध्याकडची, दीक्षा घ्यायला. नवं माणूस आलं की त्याची मापं काढायला साऱ्यांना हुरूप येतो. तिचं बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. पण त्र्यंबकच्या डोक्यात तिडीक गेली ती कडीवरून. संध्याकाळची घंटा झाली की स्वयंपाकघराला कडी, हा मठाचा नियम. खिंडीतून उशिरा उतरणाऱ्या हमालांसाठी वेणू ती काढून ठेवी.

काल गाडीचा नवा पट्टा पाठीवर घेऊन आलेल्या हमालाला तिनं घंटेनंतर ऊन भात वाढला. त्र्यंबक खेकसला, तर शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्हीही घ्या दोन घास. भुकेला घंटा ऐकू येत नाही."

"गाडी दुरुस्त झाली की पहिल्या फेरीला तिला खाली सोडतो," त्र्यंबक म्हणाला. "नाहीतर मी जातो. मठ तिच्या मापानं चालायचा असेल, तर माझं इथं काय काम?"

"गाडीचं काय अडलंय?"

झालं. संतापाला दुसरी वाट मिळाली. जुना पट्टा खडकावर फाटला होता. नवा मागवला, तर दुकानदारानं चार बोटं लांब पाठवला. माप नीट कळवूनसुद्धा. चढवला की सैल लोंबतो, दातेरी चाकावरून घसरतो. परत पाठवावा, तर रात्रीच्या बर्फानं खिंडही बंद.

"तेवढा तुकडा कापून सांधतो." त्र्यंबकनं खिशातून सुरी काढली.

"सांधलेला टिकेल?"

"...नाही टिकणार. पण चूक पट्ट्याची आहे महाराज, गाडीची नाही."

महाराजांनी हात पुढं केला. सुरी घेतली. अंगठ्यावर धार पाहिली... आणि बटाटा सोलायला घेतला.

त्र्यंबक थांबला. एक बटाटा झाला. दुसरा झाला. सुरी काही परत मिळेना.

तणतणत तो पडवीत गेला. दुपारभर तिथून हातोड्याचे घाव आणि दुकानदाराच्या पूर्वजांचा उद्धार ऐकू येत होता. मग इंजिन सुरू झालं. आवाज अंगणाला वळसा घालून खालच्या भुसभुशीत उतारावर गेला. गाडी दर वेळी तिथंच रुतायची. आज आवाज थांबला नाही.

त्र्यंबक हातात पाना घेऊनच परतला. चेहरा उजळलेला होता, राग मात्र पुरता उतरला नव्हता.

"चढला पट्टा."

"कसा?"

"मागचं चाक मागं सरकवलं. जागा पुरेना, म्हणून चौकटीला दोन लोखंडी तुकडे जोडून तीच वाढवली. वळायला आता जास्त जागा लागते. पण मऊ बर्फावर अशी तरंगते, महाराज... एवढी चांगली ती कधीच चालली नव्हती."



स्वयंपाकघरातून आज हसणं येत नव्हतं. वेणूचं गाठोडं सकाळपासून दाराशी होतं. त्र्यंबकनंच ते तिथं आणून ठेवलं होतं.

"मग... उद्या तिला नेऊ ना?" त्यानं विचारलं. आवाज सकाळपेक्षा खाली आला होता. "या मठाच्या मापात ती कधीच मावायची नाही."

महाराजांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. त्र्यंबकच्या मुठीकडं पाहिलं.

"पाना अजून तुझ्याच हातात आहे."