सतरा शेंगदाणे

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे मोठ्या तोऱ्यात जिना चढून आला. गुरू म्हणजे एक बाई होत्या. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांची खोली होती, खोलीत पाच संगणक होते आणि त्यांच्यावर त्या मुलामुलींना लढाईचा एक खेळ शिकवीत. खेळ म्हटल्यावर ज्यांनी नाक मुरडलं त्यांनी ते सरळ करावं. विद्या कोणत्या पाटावर बसून येते, हे ठरवायचा मक्ता कुणी कुणाला दिलेला नाही.

खेळ असा. दोन बाजू, प्रत्येकीचे पाच योद्धे आणि एक किल्ला. दोन किल्ल्यांच्या मध्ये तीन वाटा आणि त्या वाटांना वेढणारं जंगल. शत्रूचा किल्ला आधी पाडील तो जिंकला. पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा नकाशा असतो. आपला कोण कुठे आहे ते, आणि नजरेला पडलेला शत्रूही, त्यात ठिपक्यांनी दिसतो. जंगलातून शत्रू येताना ज्याला दिसेल, त्याने इशारा द्यायचा. इशारा दिला की साथीदारांच्या कानात टुणकन आवाज होतो आणि त्यांच्या नकाशावर लाल खूण चमकते.

या शिष्याच्या बोटांना विलक्षण वेग होता. शत्रूचा शिपाई नेमक्या कोणत्या घावाला पडेल, तो क्षण साधायला इतरांना वर्ष लागे. याला दोन महिन्यांत साधलं. त्यामुळे त्याला वाटू लागलं होतं की शिकण्यासारखं जे होतं ते शिकून झालं.

"बाई, जिल्ह्याच्या स्पर्धेची नावं आज संध्याकाळी पाठवायची आहेत," तो म्हणाला. "कप्तान म्हणून माझं नाव घाला. आणि रेणुकाच्या जागी माझा मित्र येईल."

रेणुका ही त्यांच्या संघातलीच पाचवी. इतरांचं रक्षण करणं, जंगलावर पहारा ठेवणं, इशारे देणं हे तिचं काम. आठवड्यापूर्वी सरावाची एक लढत हे पाचही जण आपापल्या घरून खेळले आणि हरले. दुसऱ्या दिवशी याच खोलीत शिष्याने सर्वांदेखत सांगितलं होतं, "हिच्यामुळे हरलो. एकदाही सावध केलं नाही हिने. आणि शेवटी किल्ल्यापाशी तर बाईसाहेब नव्हत्याच."

"मी इशारे दिले होते," रेणुका म्हणाली होती.

"कुणाला? शेजारणीला?"

सगळे हसले. बाईंनी वहीतून तिचं नाव खोडलं. ती उठून गेली ती पुन्हा आली नाही.

तर आज शिष्याचं बोलणं बाईंनी ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडलं, कात्रीने त्याच्या एका कोपऱ्याला काडेपेटीएवढं भोक पाडलं आणि ते पान चिकटपट्टीने संगणकाच्या पडद्यावर डकवलं. सगळा पडदा झाकला गेला. दिसत राहिला तो फक्त कोपऱ्यातला नकाशा.

"बस," त्या म्हणाल्या. "त्या हरलेल्या लढतीचं रेकॉर्डिंग लावलंय. बघ."

"बाई, यात माझी लढाई दिसतच नाही."

"तुझी लढाई तू पाहिली आहेस. तोंडपाठ झाली असेल." त्यांनी एक रिकामी वाटी आणि मूठभर शेंगदाणे त्याच्यापुढे ठेवले. "रेणुकाचा ठिपका पिवळा. तिने दिलेली लाल खूण चमकली की एक दाणा वाटीत टाकायचा. खायचा नाही."

संघातले बाकीचे तिघे हसू दाबत मागे येऊन उभे राहिले. एकजण म्हणाला, "वाटी रिकामीच राहणार, बाई. दाणे आम्हाला द्या."

लढत सुरू झाली. शिष्याचा निळा ठिपका वरच्या वाटेने पुढे पुढे धावत होता. थोड्याच वेळात त्याच्या शेजारी लाल खूण चमकली. दाणा वाटीत पडला. पुन्हा चमकली. पुन्हा दाणा. निळा ठिपका पुढेच गेला आणि विझला, म्हणजे योद्धा पडला. तो नव्याने उभा राहिला, पुन्हा निघाला, आणि पिवळा ठिपका आपलं काम सोडून अर्ध्या जंगलातून त्याच्यामागे आला. खूण. दाणा. खूण. दाणा. मागे कुणी हसेनासं झालं. खाली गिरणी बंद झाली होती. वाटीत पडणारा एकेक दाणा ऐकू येत होता.

सतरावा दाणा टाकला आणि शिष्याची मान खाली गेली. लढत अजून सरली नव्हती, पण त्याच्याने वर बघवेना. थोड्या वेळाने रेकॉर्डिंग आपोआप थांबलं.

बाई म्हणाल्या, "तुला नकाशाकडे बघायची सवय नाही, ती लावावी म्हणून हा उपद्व्याप केला. आता सांग, इतक्या हाका कानावर येत होत्या तेव्हा तू काय करत होतास?"

"लढत होतो" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. उत्तर खोटं नव्हतं, आणि बाईंनी ते मानलंही असतं. शिष्याने तोंड उघडलं, मिटलं.

"बाई, त्या माझ्या कानावर आल्याच नाहीत. मी तिला म्यूट केलं होतं."

म्यूट, म्हणजे त्या साथीदाराचा आवाज आपल्यापुरता बंद. तो केला की खेळताना त्याच्या खुणाही आपल्याला दिसत नाहीत; रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळ्यांच्या दिसतात.

"का?"

"सारखी टोकायची. मागे ये, मागे ये. डोकं उठायचं."

"आणि मग इथे येऊन सांगितलंस की तिने हाकच मारली नाही."

"मी विसरलो होतो, बाई." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "नाही. ती 'इशारे दिले होते' म्हणाली तेव्हा आठवलं. पण तोवर सगळे हसले होते."

बाईंनी मागे वळून पाहिलं. "तुम्ही तिघांनी तर तिला बंद केलं नव्हतं. तुम्हाला ऐकू येत होतं."

"हो, बाई," एकजण पुटपुटला.

"मग हसलात कशाला?"

दाणे मागणारा आपल्या चपलेकडे पाहत राहिला.

"त्यांना कशाला विचारते आहे मी," वृद्धा सावकाश म्हणाल्या. "हे रेकॉर्डिंग त्या दिवशीही इथेच होतं. ते न बघता मी पोरीचं नाव खोडलं. याच्या बोटांवर भाळले होते. या वयात भाळायला बोटं मिळाली मला!" त्यांनी पडद्यावरचं पान काढलं. "नीट ऐक. घाव अचूक घालणं ही विद्या खरी, पण ती दुसरी. ऐकणं ही पहिली. टोकणारा आवाज बंद करायची कळ या खेळात आहे, तशी ती बाहेरही सगळीकडे आहे. ती दाबली की मोठी शांतता वाटते. आणि त्या शांततेलाच माणूस आपलं सामर्थ्य समजतो. मीही समजले."

शिष्याने वाटीतले दाणे खिशात घातले आणि तो जिना उतरला.

रेणुका वडिलांच्या शिवणाच्या दुकानात शर्टांना काजं करत बसली होती. तिने वर पाहिलं, पण सुई थांबवली नाही. त्याने दाणे कापडावर ठेवले. म्यूट केल्याचं सांगितलं, ठाऊक असून खोटं बोलल्याचंही सांगितलं. वडील आत कापड बेतत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली, तरी तो बोलायचा थांबला नाही.

"हे किती आहेत?" रेणुकाने विचारलं.

"सतरा. तू सतरा वेळा सावध केलंस."

"एकोणीस वेळा."

त्याने कापडावरचे दाणे पुन्हा मोजले.

"शेवटचे दोन तू अजूनही पाहिले नाहीस," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. "आधी ते बघ. मग नावाबिवाचं माझं मी ठरवीन. आणि हे दाणे उचल, कापडाला तेल लागतं."

तो परत आला. बाई खिडकीशी बसल्या होत्या. पुढ्यात नावांचा कागद होता आणि त्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं. कुणालाही न विचारता शिष्याने तेच कॅलेंडरचं पान स्वतःच्या हाताने पडद्यावर लावलं, कानाला हेडफोन लावला आणि लढतीची अखेरची दोन मिनिटं सुरू केली.

निळा ठिपका एकटाच जंगलात शिरला होता. पाच शत्रू त्याच्याकडे वळले. लाल खूण चमकली: मागे फिर. तो फिरला नाही. मग पिवळा ठिपका किल्ला सोडून त्याच्याकडे धावत सुटला आणि त्या पाचांच्या आणि त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पुन्हा खूण: मागे फिर, मी आहे इथे. क्षणभराने पिवळा ठिपका विझला. निळा त्या सवडीत निसटला होता. किल्ला पडला तेव्हा ती किल्ल्यापाशी नव्हती, हे खरंच होतं.

शिष्याने दोन दाणे मोजून वाटीत टाकले. मग जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, पायरीपायरीवर विचार करत चढणारी. बाईंनी दाराकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. शिष्याने मागे वळून पाहिलं नाही, तेवढं त्याचं धैर्य नव्हतं. पण त्याने कानावरचा हेडफोन उतरवून ठेवला आणि तो ऐकत राहिला.

आपण कुणाकुणाला गप्प करून ठेवलं आहे, याची यादी ज्याची त्याने करावी. मी माझी करायला घेतली, आणि वाटी लहान पडली.