अधांतरी अंतरपाट

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याच्या जिभेवर एकच शब्द कायम मुक्कामाला होता: "बघू." विहीर मागा, बघू. न्याय मागा, बघू. गिऱ्हाईक 'बघू' म्हणत दुकानाची पायरी उतरले की परत फिरत नाही, हे कोणीही दुकानदार सांगेल. पण प्रजा आपली वाट पाहत बसे.

एके दिवशी धूम्रकेश मांत्रिक दरबारी आला. त्याची झोपडी गळत होती. राजा म्हणाला, "बघू."

मांत्रिकाने कमंडलूतले पाणी शिंपडले. "मग बघतच राहा! तुझ्या राज्यात कोणतेही काम तडीस जाणार नाही."

राजा बसल्या जागी दगड झाला, डोळे उघडे ठेवून.

नेमक्या त्याच घटकेला नदीकाठच्या मोहगावात, चव्हाट्यावरच्या मांडवात, गजराचे लग्न लागत होते. अंतरपाटाच्या अलीकडे गजरा, पलीकडे नदीपारचा नवरदेव लिंबाजी. "शुभमंगल साव" एवढे भटजींच्या तोंडून पडले, आणि 'धान' काही येईना. धरणारे थकून घरी गेले, तरी अंतरपाट हवेत तसाच लटकून राहिला. नदीवरचा पूल पहिल्याच कमानीशी थांबला. तव्यावरची भाकरी एका बाजूने कच्ची राहू लागली.

दिवस गेले, हंगाम गेले. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, पण भांडणे जुन्या जोडप्याची होऊन बसली.

"तुमच्या घोरण्याने माझ्या मुंडावळ्या हलतात," गजरा म्हणे.

"आणि तुझ्या टोमण्यांनी माझा हार सुकला," लिंबाजी म्हणे.

वरवर टोमणे, पण आत तिचा जीव तुटत होता. हातभर अंतरावर आपले माणूस, आणि केस पांढरे झाले तरी ते दिसायचे नाही की काय?

अशात मांत्रिकाच्या गळक्या झोपडीला वैतागलेली त्याची साळुंकी अंतरपाटाच्या काठावर येऊन बसली. राजा दगड झालेला, म्हणून राज्याला नवा धनी निवडायचा होता. तीन पक्ष, तीन पुढारी, गावोगाव ढोल.

"पक्ष तिघांकडे आहेत, पण उडता मला एकटीला येते," साळुंकी म्हणाली. "मुली, उताऱ्याची तीन कामे कर, तेवढ्यांना शाप लागत नाही. नागाच्या गुहेतला शापित हंडा आण. त्यावर हात ठेवायला लावून पुढाऱ्यांचा शब्द घे. मग लोकांना नाव घ्यायला लाव. आडपडदा न ठेवता नाव घेतले गेले, की तुझाही आडपडदा गेला."

गजरा मागे वळून न पाहता निघाली. गुहेत नागाने फणा उभारला. पण शाप त्यालाही होता, त्यामुळे डसणे अर्ध्यावरच राहिले. तो ओशाळून बाजूला झाला. तिने सोन्याने भरलेला हंडा कडेवर घेतला आणि मांडवात आणून ठेवला.

पुढारी आले. पहिले गगनराव. हंड्यावर हात ठेवून गरजले, "या गावाला दोन पूल देईन. एक जायला, एक यायला!"

हात हंड्याला चिकटला.

दुसरे कंठेराव. "आधीच्यांनी घोळ घातला, नाहीतर पूल मी कालच बांधला असता."

त्यांचा हात कोपरापर्यंत चिकटला.

तिसऱ्या मंजुळादेवी. नाव मंजुळा, आवाज फुटक्या ढोलाचा. "पूल तुमच्या गावी होणार नाही. इथे डोह आहे. खालच्या गावी पाणी उथळ, पूल तिथे होईल. तुम्हांला नाव मिळेल, वल्ह्यांसकट."

हात अलगद सुटला. सारे गाव मात्र हिरमुसले.

त्या राज्याचा रिवाज असा, की चव्हाट्यावर उभे राहून आपल्या पुढाऱ्याचे नाव घ्यायचे. दवंडीवाल्याने पुकारा केला, "आबा सुतार, कोणाचे नाव?"

"बाई खरे बोलल्या. पण पूल नाही म्हणजे काय? बघू."

"कोष्ट्याच्या काकू?"

"गगनराव कसा राजबिंडा दिसतो! पण हंड्यासकट कुठे बसवायचा? बघू."

"कासारमामा?"

"आधी बाकीचे काय म्हणतात ते बघू."

गजराने कपाळावर हात मारला. म्हणजे हा शब्द राजाचा नव्हताच. राजाने तो प्रजेकडून उचलला होता!

"गजरा, कोणाचे नाव?"

तिच्याही ओठांवर 'ब' आला. पूल इथे झाला असता, तर सासरहून माहेरी दिवेलागणीला चालत येता आले असते. आता पाऊसपाण्यात नावाड्याच्या मिनतवाऱ्या. तिने हंड्याकडे पाहिले, अंतरपाटाकडे पाहिले, आणि 'ब' गिळून टाकला.

"मंजुळादेवींचे नाव घेते. मला पूल न देणाऱ्या मंजुळादेवींचे!"

"माझ्याआधी परक्याचे नाव?" अंतरपाटाआडून लिंबाजी ओरडला.

"तुम्ही गप्प उभे राहा. सवय आहे तुम्हांला."

लोक हसले, आणि हसता हसता जिभा सुटल्या. आबांनी नाव घेतले, मामांनी घेतले. काकूंनी गगनरावांचेच घेतले, हंड्यासकट. पण मोजदाद झाली तेव्हा पारडे मंजुळादेवींचे जड होते.

"धान!" भटजी इतक्या जोरात ओरडले, की त्यांचे पागोटे उडाले. अंतरपाट खाली पडला. पुढाऱ्यांचे हात सुटले, भाकऱ्या टम्म फुगल्या. दगडाच्या राजाने जांभई दिली, ताक मागितले आणि तो सिंहासनावरून उतरून घरी गेला. मंजुळादेवी गादीवर बसल्या. पहिला अर्ज धूम्रकेशाचा होता.

"उद्या दुपारी कौले येतील," देवी म्हणाल्या, आणि ती आली.

मांडवात लिंबाजी गजराकडे पाहतच राहिला. "आता तरी माझे नाव घे."

गजराने त्याला मुंडावळ्यांपासून जोड्यांपर्यंत न्याहाळले. "ब..."

साळुंकी फडफडली. भटजींनी कान झाकले. गावाने श्वास रोखला.

"बरे दिसता," ती म्हणाली, आणि पदर सावरून तिने नाव घेतले:

"उथळ पाण्यावर पूल, खोल पाण्यात नाव,
लिंबाजीरावांसाठी सोडते आईबापांचा गाव."

तेव्हापासून त्या डोहावर नावाडी वेळेवर हजर असतो, आणि त्या राज्यात नाव घ्यायला कोणी लाजत नाही.