मुजावर सरांचा हात

“...पण जे मला येतं, तेच रोज रोज कशाला करायचं, सर?”

शाल्मलीनं विचारलं आणि समोरची समीकरणं तशीच ठेवून पेन बंद केलं.

कराडच्या जुन्या बाजारामागे मुजावर सरांचं घर. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पडवीतच एक लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. सरांच्या हाताखालून गेलेलं पोर रसायनशास्त्राला घाबरत नाही, असं गावात म्हणत.

अकरावीतली शाल्मली निकम तर मुळातच घाबरणारी नव्हती. इतरांनी गणित वाचून संपवायच्या आत तिचं उत्तर तयार असे. सगळं तोंडी. समीकरण मांडून बसणं तिला कमीपणाचं वाटे.

सर चष्मा पुसत होते.

“येतं म्हणतेस?”

“येतं.”

“बरं...”

ते उठले. फळीवरून दोन बाटल्या काढल्या. एकीत सल्फ्युरिक आम्ल, दुसरीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण.

“दोन्हींची तीव्रता सारखीच आहे,” असं म्हणत त्यांनी मोठ्या चंचुपात्रात आम्ल मोजून ओतलं. “याचा आम्लपणा पुरता मारायचाय. सोडा किती घालू?”

“जेवढं आम्ल, तेवढाच सोडा.”

“नक्की?”

“नक्की!”

सरांनी तेवढाच सोडा ओतला. काच तापली. सरांनी ती निवू दिली.

मग सरांनी उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली.

“सर, काय करताय?”

“हात बुडवतोय.”

ती हसली. सर हसले नाहीत.

“अहो, आधी लिटमसनं तरी बघा ना!”

“कागदालाच विचारायचं होतं, तर तुला कशाला विचारलं असतं?”

हात खाली आला. सुरकुतलेला, नखांच्या कडांत खडू भरलेला. बोटं द्रावणापासून वीतभर वर होती. कुठलीही घाई नव्हती, पण हात खालीच येत होता.

“थांबा!”

हात जिथल्या तिथे थांबला.

शाल्मलीनं कागद ओढला. डावीकडे आम्ल आणि सोडा, उजवीकडे क्षार आणि पाणी. अणू मोजले. जमेना. पुन्हा मोजले... आम्लाच्या एका रेणूत दोन हायड्रोजन होते, आणि सोड्याचा एक रेणू त्यांतल्या एकालाच पुरत होता. दुसरा तसाच, मोकळा.

तिची कानशिलं तापली.

“सर... दुप्पट लागतो.” ती म्हणाली. “अजून तेवढाच घाला... नको, थांबा. परत बघते.”

एकेका अणूवर बोट ठेवून तिनं सगळं पुन्हा पडताळलं. मग स्वतः उठली. मोजपात्रातल्या रेघेशी डोळे नेले, श्वास रोखून सोडा मोजला आणि हळूहळू ओतला. पुन्हा काच निवायची वाट पाहिली.

“आता?” सरांनी विचारलं.

मघाचा तो ‘नक्की’ तिच्या ओठांवर येईना. तिनं स्वतःचाच हात पुढे केला.

सरांनी तो अलगद बाजूला सारला आणि आपला हात मनगटापर्यंत आत घातला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग शांतपणे हात बाहेर काढला, पाण्याखाली धरला, पंच्याला पुसला.

काही झालं नव्हतं. शाल्मली स्टुलावर बसली आणि त्या हाताकडे नुसती बघत राहिली. डोळे भरून आले होते.

तिनं विचारलं, “सर, माझी चूक तुम्हाला आधीपासून ठाऊक होती ना?”

सर दुमडलेली बाही खाली करत होते...

“मी ते गणित केलंच नव्हतं, पोरी.”